पोटातला पिवळा ठिपका

(नांदेड येथे मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलायला उभं केलं त्याला एक कारण आहे. आपल्यातल्या एका बंधूंनी मिशनकडे पत्र पाठवलं. किनवट-माहूर भागातल्या आपल्या आरोग्य शिबिरासाठी पोटाची दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपीचं यंत्र घ्यावं आणि त्यासाठी मोठी देणगी द्यायची त्यांची इच्छा आहे, असं त्यात होतं. शिबिरातल्या एका मावशीच्या पोटात चरबीचा ठिपका निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. एकीच्या पोटात निघाला तर आणखी किती जणांच्या असेल, सगळ्यांनाच तपासून टाकू, असा त्यांचा विचार. मन मोठं आहे, हेतू चांगला आहे. सचिवांनी पत्र माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, “डॉक्टर, उत्तर तुम्ही द्या, आणि सगळ्यांसमोर द्या, कारण प्रश्न सगळ्यांच्या पैशाचा आहे.” म्हणून हे भाषण.

त्या मावशींची परवानगी घेऊन, नाव-गाव न सांगता, त्यांची हकीकत आधी सांगतो. मावशी आंध समाजाच्या, वय पन्नाशीच्या आसपास, किनवट तालुक्यातल्या. पोटात जळजळ, जेवलं की पोट फुगणं, आंबट ढेकर, हे सगळं कित्येक वर्षांचं. त्यांचा मुलगा लातूरला बांधकामावर मजुरीला आहे. त्याने आईला तिकडे नेलं, एका खासगी दवाखान्यात दुर्बीण टाकून तपासणी केली. रिपोर्ट हातात आला. कुणीतरी तो वाचून सांगितलं, “पोटात चरबीचा ठिपका आहे, साधा आहे, घाबरू नका. तेल-तूप बंद करा.”

मावशी घरी आल्या आणि सांगितलेलं त्यांनी इमानाने पाळलं. तेल बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद, नातवाला दिलेल्या दुधाची सायसुद्धा बंद. भाकरी आणि पाण्यासारखं वरण, एवढ्यावर तीन महिने. शिबिराला आल्या तेव्हा वजन छत्तीस किलो. मला म्हणाल्या, “डॉक्टरसाब, चरबी गेली का बघा आता. अंगावरची तर सगळी गेली.”

त्यांच्या पिशवीत तो रिपोर्ट घडी करून ठेवलेला होता. ठिपक्याच्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या. जठराच्या अस्तराला जुनी सूज आहे, अशी एक. तुकड्याच्या तपासणीत एच. पायलोरी नावाचे जंतू आढळले, अशी दुसरी. या दोन ओळी त्यांना कुणीच वाचून दाखवल्या नव्हत्या. मला आज बोलायचंय ते या दोन ओळींबद्दल.

ठिपका म्हणजे काय

आपलं जठर आतून एका मऊ, गुलाबी अस्तराने मढवलेलं असतं. दुर्बिणीतून पाहताना काही जणांच्या अस्तरावर एखादा किंवा दोन-चार पिवळट-पांढरे, जरासे उंच ठिपके दिसतात. आकार बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. डॉक्टरी भाषेत त्याला गॅस्ट्रिक झँथोमा म्हणतात, काही जण झँथेलाझ्मा म्हणतात. ‘झँथोस’ म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. 1887 मध्ये ऑर्थ नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने याचं वर्णन करून ठेवलं आहे, म्हणजे हा काही आजकालचा आजार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं? आपल्या शरीरात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. मेलेल्या पेशींचे तुकडे, त्यांतली चरबी हे त्या गिळतात. एकाच जागी वर्षानुवर्षं सूज राहिली, पेशी मरत राहिल्या, की या सफाई करणाऱ्या पेशी चरबी गिळून गिळून फुगतात आणि तिथेच बसून राहतात. त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. अशा पेशींचा पुंजका म्हणजे तो पिवळा ठिपका.

हा ठिपका दुखत नाही, बहुतेक करून रक्त वाहत नाही, तो स्वतः कॅन्सर होत नाही. तो कापून काढायची गरज नसते. तरीही डॉक्टर त्याचा लहानसा तुकडा तपासायला पाठवतात, आणि ते योग्य आहे. जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की त्याच्या पेशी वरवर पाहता या फेसाळ पेशींसारख्या भासतात. पॅथॉलॉजिस्टने नीट पाहून खात्री केली की मग निश्चिंत व्हायचं. जठरात चरबीची मोठी, मऊ गाठही होऊ शकते, तिला लायपोमा म्हणतात. ती अस्तराच्या खालच्या थरात असते, विरळा असते, आणि मोठी झाली तर रक्तस्राव करू शकते. ती वेगळी गोष्ट. दोन्हींना मराठीत आपण ‘चरबी’च म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

कोणाला होतो

आता मुख्य प्रश्न. पोटात चरबीचा ठिपका आहे म्हणजे माणूस तेलकट खातो का? रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलंय का? पापणीवर पिवळे चट्टे येतात, त्यांचा कोलेस्टेरॉलशी पुष्कळदा संबंध असतो. असे चट्टे असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं सापडतं. नाव सारखं असल्यामुळे पोटातल्या ठिपक्यालाही तोच नियम लावला जातो. पण जठराचा ठिपका असलेल्या बहुतेकांच्या रक्तातली चरबी अगदी बेताची असते. काही अभ्यासांत थोडा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. छत्तीस किलो वजनाच्या, भाकरी-वरणावर जगणाऱ्या बाईचं तेल तोडून त्या ठिपक्याला काहीच फरक पडत नाही. तिला मात्र पडतो.

जपान, कोरिया, चीन या देशांत दुर्बिणीच्या तपासण्या फार मोठ्या प्रमाणावर होतात. तिथल्या अभ्यासांतून ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या त्या सांगतो. एक, वय. तरुणांत हा ठिपका क्वचित, चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त. दोन, एच. पायलोरी जंतूची लागण. तीन, जठराच्या अस्तराची जुनी सूज, आणि त्या सुजेने अस्तर झिजून पातळ होणं. चार, झिजलेल्या जागी जठराचं अस्तर न येता आतड्यासारखं अस्तर उगवणं, याला इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया म्हणतात. पाच, पूर्वी जठराचा भाग कापण्याचं ऑपरेशन झालेलं असणं, कारण मग आतड्यातलं पित्त वर चढून अस्तराला सतत पोळतं.

या यादीकडे नीट पाहिलं की कळतं, वय सोडलं तर बाकी सगळ्या गोष्टी जुन्या जखमेच्या आहेत. म्हणून ठिपका जिथे दिसतो तिथलं अस्तर पुष्कळ वर्षं सोसत आलेलं असतं. जपानमधल्या अभ्यासांत असंही दिसलं की ज्यांच्या जठरात हे ठिपके आहेत त्यांच्यात पुढे जठराचा कॅन्सर होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा अधिक होतं. ठिपक्यातून कॅन्सर होतो असा याचा अर्थ नाही. ज्या झिजलेल्या अस्तरावर ठिपका येतो, त्याच अस्तरावर कधीकधी कॅन्सरही येतो.

आपल्यात शेतकरी बरेच आहेत, त्यांना हे लगेच पटेल. जमीन खारावली, चोपण झाली की वर पांढरा पापुद्रा दिसतो. पापुद्रा खरवडून बांधावर टाकला तर जमीन सुधारते का? नाही. पापुद्र्याने आपल्याला खूण दिली, आता पाण्याचा निचरा बघायचा, जमिनीत काय चाललंय ते बघायचं. पोटातला ठिपका तसा आहे.

जंतूची गोष्ट

पोटाच्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो, असं अनेक वर्षं डॉक्टरही मानत होते. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी 1982 मध्ये हा वाकडा, वळणदार जंतू जठरातून काढून वाढवून दाखवला. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा मार्शल यांनी 1984 मध्ये जंतू घातलेलं पाणी स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हा जंतू कॅन्सरला कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातला. 2005 मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

घाबरून जाऊ नका. जगातल्या सुमारे निम्म्या प्रौढ माणसांच्या पोटात हा जंतू राहिलेला आहे, आपल्या देशात प्रमाण त्याहून जास्त. लागण झालेल्या शंभरांपैकी एक ते तिघांनाच पुढे जठराचा कॅन्सर होतो. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना अल्सर, काहींना न सुटणारी जळजळ. काहींच्या शरीरातलं लोह कमी होतं आणि रक्त वाढतच नाही.

हा जंतू बहुधा लहानपणीच शिरतो. आईकडून मुलाला, भावाकडून बहिणीला. तोंडावाटे, उलटीवाटे, शौचाचे हात पाण्याला लागून. एका खोलीत आठ माणसं, एकच घागर, त्यात बुडवायला एकच गडू, जवळपास संडास नाही, अशा घरात त्याला वाट मोकळी असते. किनवट-माहूरच्या डोंगरातले कोलामांचे पोड, गोंडांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे आपण पाहिले आहेत. पावसाळ्यात ओढ्याचं गढूळ पाणी, मे महिन्यात झिऱ्यातून वाटीवाटीने भरलेलं पाणी. लातूरच्या मंडळींना पाण्याची टंचाई मी काय सांगणार? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. पाणी कमी पडलं की पहिली काटछाट हात धुण्यात होते.

त्यात भर घालणाऱ्या गोष्टी आहेत. तंबाखू, खर्रा, मिश्री. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तंबाखूने जठराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. फार खारट, मिठात मुरवलेलं खाणं रोज खाल्लं तर त्यानेही वाढतो. दारूने अस्तर पोळतं. आणि आणखी एक, किराणा दुकानात सुटी मिळणारी अंगदुखीची गोळी. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी माणसं ती गोळी रोज घेतात, उपाशीपोटी घेतात. त्या गोळ्यांनी पोटात जखमा होतात, रक्त जातं. एच. पायलोरी आणि ही गोळी एकत्र आली की अल्सरचा धोका आणखी वाढतो.

यंत्र घ्यावं का

आता पत्राचं उत्तर. माझं उत्तर आहे, यंत्र घेऊ नये.

जपानमध्ये पन्नाशीनंतर लोकांची दुर्बीण तपासणी मोठ्या प्रमाणावर होते, कारण तिथे जठराचा कॅन्सर फार आहे. आपल्या देशात मिझोरामसारख्या राज्यांत तो बराच आहे, महाराष्ट्रात त्यामानाने कमी. सरसकट सगळ्यांच्या घशात नळी घालण्याने इथे फार थोड्यांचा फायदा होईल. दुर्बीण प्रत्येक रुग्णानंतर ठरलेल्या पद्धतीने निर्जंतुक करावी लागते. शिबिरातल्या मंडपात, बादलीभर पाण्यात ते जमलं नाही तर एकाचा जंतू आपणच दुसऱ्याच्या पोटात घालू. तुकडा तपासायला पॅथॉलॉजिस्ट हवा. आणि निघालेले निरुपद्रवी ठिपके घेऊन शंभर माणसं घरी जाऊन तेल बंद करतील, ते वेगळंच. ज्याला तपासणीची खरी गरज आहे त्याच्यासाठी नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला आहे. अडचण तिथपर्यंत पोचण्याची आहे. पाड्यावरून नांदेडला यायचं तर जाण्यातच अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो, केसपेपर कुठे काढायचा ते कळत नाही.

म्हणून त्या बंधूंना माझी नम्र विनंती आहे की तीच देणगी चार कामांना द्यावी.

पहिलं काम, सोबत. ज्यांना धोक्याची लक्षणं आहेत त्यांना शहरात नेऊन, तपासून, घरी पोचवणारी माणसं आणि त्यांचा प्रवासखर्च. लक्षणं आपणही ध्यानात ठेवा: डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, पुन्हा पुन्हा उलट्या, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होत जाणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं अपचन, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असणं. यांपैकी काही असेल तर थांबायचं नाही. आपल्या भागात सिकलसेलही आहे, तेव्हा रक्त कमी दिसलं की तीही तपासणी करायची, सगळं पोटावर ढकलायचं नाही.

दुसरं काम, औषधांचा पूर्ण कोर्स. एच. पायलोरीवर तीन-चार प्रकारची औषधं बहुधा चौदा दिवस घ्यावी लागतात. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं की माणूस गोळ्या सोडतो. अर्धवट कोर्सने जंतू निर्ढावतो, पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. आपल्या आरोग्यसेविका रोज दाराशी जाऊन गोळी घेतली का विचारतील, तर हे टळतं. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करून जंतू गेला का ते पाहायचं. त्या तपासणीआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या गोळ्या बंद ठेवायच्या, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. रक्ताची तपासणी यासाठी उपयोगी नाही, कारण जंतू गेला तरी रक्तातली खूण पुष्कळ दिवस राहते.

तिसरं काम, पाणी आणि संडास. झाकणाची, नळ असलेली टाकी, लांब दांड्याचं ओगराळं, साबण, उकळलेलं पाणी. हे फोटोत शोभत नाही, उद्घाटनाला फीत कापता येत नाही. पण आजच्या दोन वर्षांच्या लेकराच्या पोटात जंतू शिरूच नये, ही वाट इथूनच जाते. याच पाण्याने जुलाब आणि कावीळही थांबते.

चौथं काम, रिपोर्ट समजावून सांगणं. यंत्राच्या किमतीच्या मानाने याला काहीच लागत नाही. प्रत्येक शिबिरात एक टेबल, एक माणूस, आणि लोकांच्या पिशवीतले जुने कागद त्यांच्याच बोलीत वाचून दाखवणं. कोलामांना कोलामीत, गोंडांना गोंडीत. कागदावर काय नाही, तेही सांगणं.

त्या मावशींना आम्ही पहिल्या दिवशी जंतूचं औषध दिलं नाही. आधी जेवायला सांगितलं. शेंगदाणे, अंडं, तेलाची फोडणी, सगळं सुरू करा म्हटलं तेव्हा त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की सून हसायला लागली. अंगात थोडी ताकद आल्यावर चौदा दिवसांचा कोर्स झाला, आपल्या सेविकाबाई रोज जाऊन आल्या. नंतरच्या तपासणीत जंतू निघाला नाही. जळजळ बरीच कमी आहे. ठिपका बहुधा तिथेच असेल, आणि असू दे. अस्तर किती झिजलंय त्यावरून पुन्हा दुर्बीण कधी करायची ते नांदेडचे डॉक्टर ठरवतील, तिथे नेण्याची जबाबदारी आपली. वजन बेचाळीस किलो झालं आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याच्या पोटाच्या दुखण्याचा उल्लेख आहे, हे आपण उपासनेत ऐकतो आणि पुढे जातो. मला तो उल्लेख नेहमी थांबवतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला मंडळीच्या शिस्तीबद्दल लिहिता लिहिता एका तरुणाच्या पोटाची आठवण राहिली. डोंगरातल्या एका मावशीच्या जळजळीची, तिच्या पिशवीतल्या कागदाची आठवण ठेवणं हे मिशनच्या कामात बसतं की नाही, अशी शंका कुणाला असेल तर ते पत्र पुन्हा वाचावं.

आता दोन मागण्या करून थांबतो. मंडळ्यांतल्या तरुण संघांना विनंती, शहरातल्या रुग्णालयात रुग्णांसोबत उभं राहायला महिन्यातून एक दिवस द्या. ज्यांची मुलं-मुली नर्सिंग, फार्मसी शिकत आहेत त्यांनी त्यांना एकदा आमच्याबरोबर शिबिराला पाठवा. आणि देणगी देणाऱ्या त्या बंधूंना, जे आज इथेच बसले आहेत आणि ज्यांचं नाव मी घेत नाही, मनापासून धन्यवाद. आपल्या पत्रामुळे हा विषय निघाला. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी भेटू या, माझ्याकडे टाक्यांची यादी तयार आहे.

देव आपणां सर्वांना आणि डोंगरातल्या त्या घरांना आशीर्वाद देवो. आमेन.